रिताच्या नावावरचा डाग

मी, भोजराज डोमा खोब्रागडे, वय सत्तेचाळीस, पूर्वीचा धंदा गवंडीकाम, राहणार कारधा, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवतो. कमरेखालचे शरीर गेले आहे, डोके शाबूत आहे. पाठीवरच्या जखमा आता भरत नाहीत, म्हणून थांबत नाही.

१. कारध्याचे राहते घर पत्नी सत्यभामा हिला, पूर्ण मालकीने. मला कुशीवर वळवता वळवता तिचीच कंबर गेली. मुलगी दीपमाला हिच्या लग्नासाठी घर विकू नये.

२. बँकेतली शिल्लक दीपमालाच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. लग्न तिला वाटेल तेव्हा.

३. थापी, ओळंबा व इतर हत्यारे विनोदला. तो माझ्या हाताखाली शिकला. दुसऱ्याने बांधलेल्या बांबूच्या परांचीवर त्याने तपासल्याशिवाय चढू नये.

४. धाकटा भाऊ अंकुश, ठेकेदार, याला काही नाही. कारण लिहितो. लाखनीला त्याच्या कामावर दुसऱ्या मजल्याचे बाहेरचे प्लास्टर चालू होते. मी म्हटले, "अंकुश, हा बांबू चिरला हाये, बदलव." तो म्हणाला, "आजचा दिवस काढ ना दादा. उद्या नवा आणून देतो." मी चढलो. माझ्यामागे आमच्या कामावरची मजूर रिता सिमेंटच्या मसाल्याचे घमेले घेऊन चढली. बांबू मोडला. मी वाळूवर पडलो, ती विटांवर. तिचे डोळे माझ्याकडे उघडे होते. मी हाका मारल्या, तिने ओ दिली नाही.

मी दवाखान्यात बेशुद्ध असताना अंकुशने पोलिसांना सांगितले, दोघे वर मस्करी करत होते, तोल गेला. गावाने त्यात आणखी भर घातली. रिताचा नवरा तिच्या मयतीलाही आला नाही. मी शुद्धीवर येऊन खरे सांगितले, तोवर पोलिसांचे कागद झाले होते आणि बांबू चुलीत गेले होते.

म्हणून येथे लिहितो: रिता कामावर होती आणि कामातच मेली. ती मला काका म्हणायची.

५. माझे प्रेत उचलण्याआधी विहारासमोर कलम चार मोठ्याने वाचावे. रिताची आई सुशीलाबाई हिला पुढे बसवावे. अंकुशला खांदा द्यायचा असेल, तर आधी तिच्यासमोर खरे बोलावे. नाही बोलला, तर गावात खांदे पुष्कळ आहेत.

हे वाचून, समजून खाली सही केली.

भोजराज डोमा खोब्रागडे
कारधा, दि. १४ सप्टेंबर २०२४

साक्षीदार:
१. चंद्रकुमार गजभिये, शेजारी. (सही)
२. रुचिता अंकुश खोब्रागडे, माझ्या भावाची पत्नी. मी तिला म्हटले, "सही नोको करू, घरी तुले त्रास होईल." ती म्हणाली, "मले समजते ते, भाऊजी. कागद इकडे द्या." (सही)