गुडघा, थेरपी आणि सईचं ओझं

रविवार, नागपूर

अमेरिकेहून निघतानाच लेकीला बजावलं होतं, सई, तू टेन्शनसाठी थेरपी घेतेस ते आजीला सांगायचं नाही. आज चहालाच सांगून मोकळी! मी आपली बशीत बघत बसले. पण आई खूश. तिच्याही गुडघ्याची थेरपी चालू आहे ना, तिला वाटलं तसलीच.

"तुले कुठं दुखते वं?"

"डॉक्टर व्हायचं ओझं होतं, आजी."

"मंग ओझं उचलू नको. मले पण तेच सांगतलं. कोणाचं हाये?"

सईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तिचं तिले देऊन टाक."

हसता हसता माझा चहा सांडला. आई गुडघ्याबद्दलच बोलत होती ना? कोण जाणे! म्हणजे आता सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर मीच व्हायचं!