मंडईसमोरचा फ्लेक्स

तीर्थरूप काका,

पद्धत आहे म्हणून तीर्थरूप लिहिलं.

काल मंडईसमोर आम्ही फ्लेक्स चढवला. पुणेकरांसाठी समुद्राकाठी बंगले. उलगडला तर आपलीच आळी. विहीर आहे, पार आहे, आपल्या माणसांचं घर एकही नाही. आईच्या घराच्या जागी पोहायचा तलाव, समुद्र पन्नास पावलांवर असताना.

तुम्ही म्हणाला होता, "घर तुझ्या नावावर, म्हणून सही लागते. फक्त रस्त्यापुरती." मी न वाचता केली. काल त्या कागदाचा मोबाईलमधला फोटो मोठा करून वाचला. घर विकायचा हक्कच तुम्हाला दिलाय.

खालून शिडी धरलेला माझा जोडीदार आनंद ओरडला, "गाववाले, तुमचाच माल आहे, जरा सरळ लावा." लावला.

हे पत्र टाकणार नाही. आईला पत्रं तुम्हीच वाचून दाखवता, हेही गोड करून वाचाल.

आज तिचा फोन आला. "रस्ता झाला की रिक्षा दारापर्यंत येईल, नाही का रे?"

मी हो म्हणालो. तुमच्याइतक्याच सहज.

तुमच्याच वळणावर गेलेला पुतण्या,
सुदर्शन