गॅलिलिओचा निखळलेला हात

प्रिय भुंग्या,

बाबा गेल्या महिन्यात माझ्याकडे राहायला आले आणि त्यांच्या सामानात आपलं शेल्फवरचं घड्याळही आलं. तेच, वर गॅलिलिओ उभा असलेलं. त्याचा निखळलेला हात अजून चष्म्याच्या डबीतच आहे. ते खरंच ब्राँझचं आहे का, हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. म्हणून परवा जुन्या घड्याळांची पारख करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. घरी बसून कंटाळतात म्हणून बाबाही आले.

बाईंनी आधी घड्याळ उलटं केलं. तळाला सुईने ओरखडा काढला, तर आत राखाडी धातू. म्हणजे जस्तावर सोनेरी मुलामा. यंत्र मात्र अस्सल, सव्वाशे वर्षांचं. मी प्रश्नावर प्रश्न विचारत होते. मग त्यांनी भिंगातून तो हात पाहिला आणि म्हणाल्या, हा गॅलिलिओ नाहीच, कोलंबस आहे. हातात दुर्बीण नाही, नकाशाची गुंडाळी आहे. कडांवरचा जोडकामाचा जुना डाख खरवडून त्यांनी हात खाली वळवला, तर तो खांद्याला नेमका बसला आणि गुंडाळी पायाशी असलेल्या जहाजाच्या नांगरावर टेकली. आपण पाहिलेला, आकाशाकडे रोखलेला हात कुणीतरी चुकीचा जोडला होता. कच्चं काम, हात कधीतरी गळून पडणारच होता, असं त्या म्हणाल्या.

तुला कळलं ना? हात आकाशाकडे रोखलेला, म्हणून आपल्या घरी त्याला पहिल्यापासून गॅलिलिओच म्हणत. म्हणजे तू नऊ वर्षांचा असताना तो हात पडला, त्याच्या कितीतरी आधीच तुटला होता. तू रडून सांगत होतास, मी फक्त किल्ली दिली. बाबांनी तुला पाहुण्यांसमोर खोटारडा म्हटलं, मग वसतिगृहात धाडलं. मीही गप्प बसले.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, लग्नाच्या वर्षी तुझ्या आईसाठी घेतलं होतं, आणताना जिन्यात पडलं. तिला कळू नये म्हणून मीच जोडलं. त्याच्यावर ओरडताना हे आठवत होतं का, असं मी विचारलं. आठवत होतं, म्हणाले.

काल ते तुला पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले आणि म्हणाले, तू कळव, पण माफी मी समोर बसून मागणार. रविवारच्या सकाळच्या गाडीची आम्हा दोघांची तिकिटं काढली आहेत. स्टेशनवर आलास तर बरं. नाही आलास, तरी पत्ता विचारत आम्ही येऊ.

तुझीच,
तेव्हा गप्प बसलेली ताई