घासकाम शेजारच्या खात्यात होतं

संत तुकाराम नगर, पिंपरी
शुक्रवार, दुपारी

तीर्थस्वरूप दादासाहेब यांना सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि त्या वॉकर धरून अंगणापर्यंत येतात हे कळलं, जिवाला बरं वाटलं. पूनम त्यांच्या सेवेला आहे, तेवढाच तिलाही तुमच्याकडे, भावाच्या घरी विसावा (असं ती म्हणत नाही, मी म्हणतो). फोन सोडून पत्र का, तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि माझं बोलणं तुमच्या निम्म्या निघोजे गावाला ऐकू जातं. खालच्या मजल्यावरचा रोहिदास सेकंड शिफ्टला जाताना हे तुमच्या हातात देईल.

आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं तुम्ही पाहिली आहेत. गडद चॉकलेटी सनमायका. घर घेतलं तेव्हा मीच पसंत केला, डाग दिसत नाहीत म्हणून. इथे भर दिवसा दिवा लावावा लागतो, असं पूनम बावीस वर्षं म्हणते आहे आणि मी बावीस वर्षं 'बघू' म्हणतो आहे. ती तिकडे गेल्यावर त्या अंधारात चार दिवस स्वतःचा चहा केला आणि मला लाज वाटली. खरंच वाटली. तेव्हाच ठरवलं, ती रविवारी येण्याच्या आत कपाटं पांढरी करायची.

तुम्ही म्हणाल, सदाशिवरावांना रंगातलं काय कळतं? दादासाहेब, चाकणच्या कंपनीत मी पंचवीस वर्षं पेंटशॉपला काढली. (ब्रश हातात धरला नाही ही गोष्ट वेगळी. मी इन्स्पेक्शनला होतो. रंगवायचं लोकांनी आणि लाल स्टिकर लावायचा मी.) क्रम सगळा पाठ होता: पुसणे, प्राइमर, रंग, वाळवण. त्याआधी घासकाम असतं, पण ते शेजारच्या खात्यात व्हायचं, आमच्याकडे माल घासूनच यायचा. घरी शेजारचं खातं नसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

काल सकाळी कपाटांची दहाही दारं पांढरीशुभ्र. आमची अपेक्षासुद्धा "बाबा, भारी!" म्हणाली, आणि ही मुलगी मला सहसा भारी म्हणत नाही. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण सवय जात नाही. रंग धरला की नाही हे बघायला कंपनीत ब्लेडने बारीक चौकटी पाडतात आणि वर टेप चिकटवून ओढतात. मी ओढली. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा वीतभर रंग टेपबरोबर हातात आला. आता एक नापास झालं की सगळा लॉट तपासायचा, हा नियम. दहाही दारं नापास. (आठव्या दाराशी मनात आलं, पुरे आता. तरी नववं तपासलंच.)

शेवटी शेजारच्या खात्यातल्या मालोजीला फोन लावला. तो तळवड्यात असतो. आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "साहेब, सनमायका गुळगुळीत असतोय. पॉलिशपेपरनं घासल्याबिगर रंग कशाला धरंल? समदं सोला, घासा, मंग मी येतो. पर इन्स्पेक्शन मी करनार." मी हो म्हणालो. नाही म्हणून सांगतो कुणाला?

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सदाशिव

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलं. पूनमला काहीही करून गुरुवारपर्यंत थांबवा. सासूबाईंना थोडं कण्हायला सांगा, त्या माझ्यासाठी एवढं करतील. रंगाचं मात्र तिला कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. आत्ताच पूनमचा फोन येऊन गेला. अपेक्षाने तिला कालच फोटो पाठवले होते, टेप ओढण्याआधीचा आणि नंतरचाही. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. ती (माहेरी गेली की तिची बोली बदलते) एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ऐकूच येत न्हाई." आणि रडली, दादासाहेब. तेव्हा वरचं सगळं रद्द. गुरुवार नको, रविवारही नको, उद्या सकाळीच तिला गाडीत बसवून द्या. का म्हणून विचारलं, तर घासायला माणूस कमी आहे म्हणून सांगा. मला करमत नाही, हे आपल्या दोघांतच राहू द्या.