भेटणाऱ्यांची सुई

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! खोली छोटी आहे, पण माझी एकटीची आहे. खिडकीतून दवाखान्याचं मागचं फाटक दिसतं आणि नळाला पाणी धो धो येतं, आणखी काय हवं? ही वही धाकटीने बॅगेत कोंबली. म्हणाली, ताई, तुझी बडबड ऐकायला मी तिथं नसणार, तेव्हा हिचं डोकं खा. बघा, कालपर्यंत जिच्या वेण्या मी घालत होते ती आता मला चिडवते! आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत.

धुलाईखाना प्रशस्त आहे, फाटकाला लागूनच. भिंतीशी रांगेने मशीन, मधोमध इस्त्रीची लांबलचक टेबलं. तिथं राज्य कडक काकूंचं. हे नाव मी नाही ठेवलं, आधीच्या बायकांनी ठेवलंय. बाई स्वतःच्या हातरुमालालाही खळ देतात. त्यांनी आल्या आल्या नियम ऐकवले. आपण वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. मळक्या कपड्यांची ट्रॉली वरचे लोक दाराशी आणून सोडतात, तिथून आपण ओढून आणायची. पेशंटचे घरचे कपडे भरतीच्या दिवशी आपल्याकडे येतात, धुऊन इस्त्री करून फळीवर राहतात, आणि तो घरी निघाला की वरून बिल्ला येतो. बिल्ला आला की कपडे द्यायचे. ज्यांचा बिल्ला येतच नाही त्यांच्या कपड्यांची दर महिन्याच्या पंधरा तारखेला फडकी करायची.

मी म्हटलं, अहो काकू, असा कोण घरी जातो पँट न घालता? मलाच हसू आवरेना. काकू काही हसल्या नाहीत. मग मीही टेबल पुसायला घेतलं.

शुक्रवार, ७ तारीख

आज कमालच झाली. मोठे डॉक्टर स्वतः धुलाईखान्यात आले. त्यांच्या कोटाची कॉलर मी दाबली होती, तिची तारीफ केली. मी लगेच संधी साधली. धाकटीच्या पित्ताशयात खडे आहेत, दुखायला लागलं की पोरगी जमिनीवर लोळते, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, घरी आणखी कोण आहे? मी म्हटलं, मी एकटीच. ते म्हणाले, मग घेऊन या, खाट देतो.

माझा जीव भांड्यात पडला. काकू मात्र दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. वशिला लागला की लोकांच्या पोटात दुखतंच.

बुधवार, १२ तारीख

धाकटी भरती झाली. भेटीच्या वेळेला नातेवाईक म्हणून मलाही वॉर्डात जाता येतं. वॉर्डाच्या दाराशी एक टेबल आहे, तिथं प्रत्येक भेटणाऱ्याला दंडात सुई घ्यावी लागते, बाहेरचा संसर्ग आत जाऊ नये म्हणून. सुई देणारा मोठा गप्पिष्ट. म्हणाला, औषध इथलंच आहे, मोठ्या डॉक्टरांचा शोध, मागच्या इमारतीत बनतं, बाहेर मागाल तर मिळणार नाही. वर गोल पट्टी लावली आणि म्हणाला, झालं, रडलात नाही म्हणून शाबास.

खरंच रडले नाही. धाकटीला त्या हिरव्या झग्यात बघून पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. तिने दोन-तीन विनोद केले. मी हसले का, आठवत नाही. खोलीवर येऊन गाढ झोपले.

शनिवार, १५ तारीख

काल दिवसभर कसंतरीच वाटत होतं, हाताला मुंग्या येऊन गेल्यावर वाटतं तसं. संध्याकाळी एकदम लक्षात आलं की मी धाकटीला, दुखतंय का गं, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. इतकी लाज वाटली! बसून रडले.

आज फडकी करायचा दिवस होता. काकूंनी माझ्यापुढे ढीग टाकला. तो संपेचना. वरच एक करडा कोट निघाला, घड्याळजींचा. दवाखान्यातली घड्याळंही तेच दुरुस्त करायचे म्हणे. कोटाला नवंकोरं अस्तर, काजं हाताने घातलेली. अशा कोटाला कात्री लावायला माझा हात धजेना. मला वाटलं, म्हातारा विसरून गेला असेल, आणि काम संपल्यावर मी तो पत्ता विचारत विचारत घरी पोचवायला गेले. मेलं हे माझं नको तिथं व्यवस्थितपण.

त्यांच्या बायकोने दार उघडलं, खुर्ची दिली, चहा टाकला. फार गोड बाई. कोट बघून म्हणाल्या, ठेवा तिथं. मी विचारलं, घड्याळजींना बरं आहे ना? त्या म्हणाल्या, दवाखान्यातच आहेत ना ते, की होते कोण जाणे. आधी मी रोज जायचे, रडरड रडायचे. मग हळूहळू जावंसं वाटेना. आता ती खोली भाड्याने द्यायचं मनात आहे, तुमच्या बघण्यात कुणी आहे का?

भिंतीवर दोघांचा फोटो. आयुष्य काढलं बाईने त्या माणसाबरोबर, आणि दूध आलं नाही म्हणून सांगावं तशी सांगत होती. चहा देताना तिची बाही वर सरकली. दंडावर गोल पट्ट्यांच्या खुणा होत्या, एकीवर एक. मी माझा दंड घट्ट धरून बसले.

सोमवार, १७ तारीख

काकूंना एकटं गाठलं. त्या मशीनकडे बघत बोलल्या. मागच्या इमारतीतून चादरी येतात, त्या कधी बघितल्यास का नीट? मी वर्षानुवर्षं बघतेय. घामाचा डाग नाही, चुरगळ नाही, फक्त माणसाच्या आकाराचा खोलगट ठसा. जिवंत माणूस कूस बदलतो. ही माणसं तशीच्या तशी पडून असतात, झोपवलेली, आणि रोज त्यांचं रक्त काढतात. त्या रक्तातून ती सुई बनते. तीच सुई त्यांच्या घरच्यांना टोचतात, म्हणजे त्यांना काही वाटेनासं होतं आणि कुणी विचारायला येत नाही. धुलाईवाल्यांना वॉर्डात जायची बंदी, म्हणून आपल्याला सुई नाही, म्हणून आपल्याला अजून भीती वाटते, असं काकू म्हणाल्या.

मग मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, तू मला विचारलंस का? सरळ डॉक्टरांना सांगून मोकळी झालीस.

चौकीवर गेले. तिथला शिपाई शांतपणे ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, माझी आईपण तिथंच होती. आणि दंड खाजवला.

धाकटीला मी आणलं इथं. माझ्या हाताने आणलं.

मंगळवार, १८ तारीख

भेटायचं म्हणजे सुई. दुसरा रस्ता नाही. दात आवळून घेतली.

धाकटी वाळली आहे. खडे काढायचं कुणी नावही काढत नाही म्हणाली. रोज सकाळी बाटलीभर रक्त नेतात. शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका होती, तिला मागच्या इमारतीत हलवलं, आणि तिचा मुलगा भेटायला आला तो रिकामी खाट बघून वर्तमानपत्र वाचत बसला. धाकटीला शनिवारी हलवणार आहेत. तिने माझा हात धरला होता. ताई, मला घरी ने, म्हणाली.

मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. ते मागे पडलं होतं. तेवढंच मनात आलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. सगळं आठवतं. वाटत काही नाही.

गुरुवार, २० तारीख

उतरलं. या वेळी जास्त वेळ लागला, आणि पूर्ण उतरलं नाही. रडायला बसले तर अर्ध्यातच थांबलं. पण आहे अजून थोडं.

काकू आणि मी मिळून ठरवलंय. शनिवारी सकाळी मळक्या चादरींची ट्रॉली वॉर्डात कोपऱ्यात उभी असते. धाकटीने तिच्यात शिरायचं, अंगावर चादरी ओढायच्या. वरचे लोक ट्रॉली दाराशी आणून सोडतील. मळक्या कपड्यांत कुणी हात घालत नाही. मी ओढून आणीन. फाटक समोरच आहे. काकू म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे आहे, पण हे बघ, मी तुझ्या बहिणीला कधी पाहिलेलं नाही. ट्रॉलीत दुसरंच कुणी शिरलं तर सगळ्यांचा जीव जाईल. तू ओळख सांगितलीस तरच मी फाटक उघडणार, नाहीतर वर कळवणार. मलाही मुलं आहेत.

तिला हे कळवायचं कसं? चिठ्ठी उशीच्या अभ्र्यात घालून वर पाठवली होती. आज मळक्या कपड्यांत परत आली, घडीसुद्धा न मोडलेली. अभ्रे वर सरमिसळ होतात, हे माझ्या टाळक्यात यायला हवं होतं.

म्हणजे उद्या मलाच जावं लागणार. पुन्हा सुई.

शुक्रवार, २१ तारीख, जायच्या आधी

स्वतःसाठी लिहिते. उद्या उठल्यावर आधी हे वाच.

ती तुझी बहीण आहे. लहानपणी तिला अंधाराची भीती वाटायची, तू तिच्या पायथ्याशी झोपायचीस. ती नापास झाली तेव्हा तू शाळेत जाऊन भांडलीस. ती गेली तर तुला कुणी नाही. तुला काही वाटणार नाही. न वाटो. वाटल्यासारखं कर. ट्रॉली ओढ, काकूंना सांग की हीच ती, आणि तिच्याबरोबर फाटकाबाहेर जा. एवढंच. पाठ कर.

देवा, एवढं माझ्याकडून होऊ दे.

शुक्रवार, आल्यावर

सांगितलं तिला. नीट समजली. रडली, मिठी मारली.

सुईवाला म्हणाला, आज थोडी जास्त देतोय, तुम्ही फार काळजी करता.

बरं वाटतंय. पाऊस थांबल्यावर कसं वाटतं तसं.

शनिवार

वाचलं. अक्षर माझंच आहे. खूप दाबून लिहिलंय, पान फाटलंय एके ठिकाणी.

अंधाराची भीती, शाळा, सगळं आठवलं. खरं आहे ते. पण त्यात एवढं काय —

ट्रॉली आणायची आहे. पाठ आहे.

शनिवार, धुलाईखान्यात

आणली. जड होती. पायरीवर धक्का बसला तेव्हा आतून आवाज आला. मी थांबले नाही. नियमाप्रमाणे भिंतीशी लावली.

मग चहा घेतला. वही उघडली. काहीतरी पुढे होतं करायचं, ते आठवतंय — फाटक. हो. पण चहा गरम आहे आत्ता.

चादरी हलताहेत. ताई, ताई म्हणतेय. हळू आवाजात, मला एकटीला ऐकू जाईल असं.

काकू किल्ली घेऊन उभ्या आहेत. सारख्या जिन्याकडे बघताहेत. कशाला एवढं. वरून कुणीतरी जिना उतरतंय, बोलण्याचे आवाज येताहेत. काकूंनी चादर बाजूला केली. धाकटी उठून बसली, केसांना कापूस लागलाय, माझ्याकडे बघून हसली. हसली म्हणजे रडलीच.

काकू विचारताहेत, हीच का? हीच का गं तुझी? लवकर सांग.

हो म्हटलं तर उठावं लागेल. फाटकापर्यंत चालावं लागेल, मग पळावंही लागेल, आणि पुढे सगळं — तिचं दुखणं, तिचं रडणं, माझं — सगळं परत वाटायला लागेल. आत्ता काही दुखत नाहीये. कितीतरी वर्षांनी कुठंच काही दुखत नाहीये.

ती माझ्याकडेच बघतेय. काकूपण.

लिहिणं थांबव म्हणताहेत काकू. उत्तर दे म्हणताहेत.

मी मान वर केली आणि म्हटलं, ही ती नाही.