रामीबाईची फाईल आणि रिकामा न केलेला रिसायकल बिन

मी, खेमसिंग भीमसिंग राठोड, वय एकोणसत्तर, धंदा टायपिंग व झेरॉक्स, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की, डोकं ठिकाणावर आहे, चष्मा डोळ्यावर आहे आणि माझा हात धरून कोणी लिहवून घेत नाही.

१. तीन एकर शेत आणि दुकान मुलगा बादल याला. बांधावरचं मोहाचं झाड त्याने तोडू नये. ते त्याच्या आईने जगवलं आहे.

२. घर दोघा भावंडांत निम्मं-निम्मं. बादल, कुरकुर करायची नाही.

३. दुकानातला जुना कॉम्प्युटर मुलगी बबिता हिला. त्यातला रिसायकल बिन कोणीही रिकामा करू नये. दर दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावायच्या आधी मीच तो झाडून काढत असे. सहा वर्षं झाली, काढला नाही. दुरुस्तीवाला गोपाल म्हणतो, तीस दिवसांनी आपोआप साफ होऊ द्या, मशीन हलकी चालन. अरे, टाकलेलं कधी लागेल हे टाकणाऱ्यालाच माहीत नसते, तर मशीन कोण ठरवणार? ते सेटिंग मी बंद करून ठेवलं आहे.

आत माझ्या बायकोचा, रामीबाईचा ढावलो आहे. आमच्या तांड्यात नवरी सासरी निघताना रडत गाते, ते गाणं. बबिताला पाठ व्हावं म्हणून तिच्या आईने माझ्या माइकवर गायलं. बबिताने यवतमाळला कोर्टात लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. रामीबाईने माझ्या हातातून माऊस ओढला अन् फाईल स्वतः डिलीट केली. तिचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी रिस्टोर केली नाही, आणि जीव झाला नाही म्हणून बिनही रिकामा केला नाही. बिनमध्ये गाणं वाजत नाही, नुसतं नाव आणि तारीख दिसते. रामीबाई जाऊन तीन वर्षं झाली. रोज दुकान उघडलं की मी ते नाव पाहतो. लय आठवण येते तिची.

दवाखान्यात तिने विचारलं होतं, "पोरीचं गाणं हाये का त्याच्यात अजून?"

मी रागातच होतो. म्हणालो, "तूच तं पुसलं."

तिने भिंतीकडे तोंड केलं. 'हाये' एवढंच म्हणायचं होतं मला. ती चूक माझी.

४. फाईल रिस्टोर करण्याचा हक्क फक्त बबिताचा. तिने जावयाला घेऊन यावं, दुकानात बसून पूर्ण ऐकावं. बादलने चहा करावा, तोंड फुगवू नये.

५. त्याच बिनमध्ये या मृत्युपत्राचा पहिला मसुदा पडला आहे. त्यात बबिताचं नाव नाही. तेवढा न वाचता कायमचा पुसावा.

सही : खेमसिंग भीमसिंग राठोड
साक्षीदार : १. सदाशिवराव वानखडे, शेजारी. २. गोपाल जाधव, कॉम्प्युटर दुरुस्ती, उमरखेड.
ठिकाण : फुलसावंगी. दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४, दसऱ्यानंतरचा सोमवार.