दोन वाफ्यांचा मुरांबा

५ मार्च

चि. वहिनीस,

अ. उ. आ. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, अर्धेच आशीर्वाद. त्यानं माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलेलं नाही.

मनगट आता छान वळतं. जानेवारीत तीन आठवडे राहून तू मला साधा कंगवासुद्धा हातात घेऊ दिला नाहीस, त्याचं हे फळ. तू लावून गेलेले वाटाणे कुंपणावर चढले आहेत. पालकाची मात्र गोगलगायींनी जाळी केली आहे. मी रोज सकाळी चिमट्यानं एकेक उचलून डब्यात टाकते आणि नाल्यापलीकडे सोडून येते. दुसऱ्या दिवशी त्याच परत येतात अशी माझी खात्री आहे. चेहरे ओळखीचे वाटतात.

आता मुद्द्यावर येते. वाचताना जवळ पाणी ठेव.

आमच्या बागप्रेमी मंडळानं एक पुस्तिका काढली. मंडळात आम्ही सतरा जण, सतरा मुलखांतून येऊन इथे स्थायिक झालेले. प्रत्येकानं आपल्या घरचा एक पदार्थ लिहून द्यायचा, मात्र मुख्य जिन्नस स्वतःच्या बागेतला हवा. मी बीटाचं सूप दिलं. हिरव्या टोमॅटोचा मुरांबा मुद्दामच दिला नाही, कारण आईचा मुरांबा घराबाहेर जात नाही. काल पुस्तिका आली. पान अकरा उघडलं आणि काय पाहते? हिरव्या टोमॅटोचा मुरांबा! खाली नाव माझ्या शेजारणीचं, त्या हॅटवाल्या बाईंचं!

योगायोग म्हणशील, तर ऐक. कृतीत लिहिलंय की हंगाम संपून रोपं उपटायच्या आदल्या दिवशी कच्ची फळं तोडावीत, साखर आणि लिंबाची साल घालून ठेवावीत, आणि मंद आचेवर ‘दोन वाफ्यांना पाणी घालून होईल इतका वेळ’ शिजवावं. वहिनी, स्वयंपाकाचा वेळ वाफ्यांत मोजणारं घर जगात एकच आहे आणि ते आपलं आहे. आई हेच शब्द म्हणायची. हॅटवाल्या बाई तर अंडं उकडतानाही घड्याळ लावून बसतात.

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की दुसऱ्याच्या वहीतलं उतरवणं म्हणजे चोरीच, मग वही गणिताची असो की चित्रकलेची. मी बाईंनी दिलेली झेंडूची रोपं कुंडीसकट त्यांच्या फाटकात ठेवून आले. बोलले नाही. न बोलता मी किती बोलू शकते, हे तुला ठाऊक आहेच.

लोभ तुमच्यावर आहे तसाच आहे. राग सगळा कुंपणापलीकडे गेला आहे.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. ‘ह्यां’ना अर्धे आशीर्वाद पोचवले. ते म्हणाले, ताईचे अर्धेसुद्धा अंगावर येतात. गुडघा दुखतो म्हणून बागेत वाकत नाहीत, खुर्ची टाकून बसतात आणि मला तण दाखवतात. बोटानं. सून म्हणते की बाबांना मुकादम म्हणून कुठेतरी लावून देऊ या.

आमची वांगी यंदा बरी आहेत. मुळे मात्र जमिनीत दोन तोंडं करून वाढले. दगड राहिले असणार.

ताई, मुरांब्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमचं मनगट दुखत होतं तेव्हा त्या बाई रोज काहीतरी घेऊन यायच्या. एकदा भोपळ्याचं सूप आणलं, एकदा गरम पाव. माणूस वाईट वाटलं नाही. एक पान छापलं गेलं तर बिघडलं काय? चार घरांत होईल, चार जण खातील. झेंडू परत घेऊन या बघू. आत्ता लावला नाही तर टोमॅटोला किडीपासून कोण राखणार?

तब्येतीला जपा. माझ्यावरची माया कमी करू नका, एवढंच मागणं.

आपली,
वहिनी


१९ मार्च

चि. वहिनीस,

अ. उ. आ. तू नेहमीच सगळ्यांना चांगलं म्हणतेस. गोगलगायींनाही म्हणशील.

मी सचिवांकडे लेखी तक्रार केली आहे. हे गृहस्थ जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं इंचात बोलतात. त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या की कृतीची चिठ्ठी त्यांना माझ्याच घरातून मिळाली! त्यांनी ती जशीच्या तशी सचिवांना दिली आणि खाली नाव कुणाचं घालायचं ते सचिवांनी ठरवलं. चिठ्ठी कुणी दिली असं विचारलं, तर म्हणाल्या की ते मी सांगणार नाही, ज्यांनी दिली त्यांना अडचण होईल. पाहिलंस? खोटं बोलायचं आणि वर मोठेपणाही मिरवायचा!

माझ्या घरात मी एकटी राहते. मग चिठ्ठी काय मांजरानं लिहिली?

एकोणतीस तारखेला मंडळाची सभा आहे. मी सांगून टाकलंय की बाईंनी सर्वांसमोर माफी मागावी आणि पान अकरावर चिकटवायला दुरुस्तीची पट्टी छापावी, ‘ही कृती अमक्यांच्या आईची’ म्हणून. नाहीतर मी राजीनामा देईन. निवृत्तीनंतर मला रविवार म्हणून काही उरला असेल तर तो या मंडळाचाच, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. बाईंना त्या दिवशी सगळ्या मंडळासमोर उभं राहावं लागेल. राहू दे.

घाईत आहे. माया पुरेशी आहे, मागून घ्यायला नको.

ताई


२४ मार्च

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

चिठ्ठी मी दिली. तुम्ही दुपारी झोपला होता, त्या बाई पाव घेऊन आल्या, मी त्यांना बशीत मुरांबा दिला. त्यांनी कृती विचारली. मी तुमच्या टेलिफोनजवळच्या वहीतलं पान घेऊन लिहून दिली. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, घरची. तुमच्या पहिल्या पत्रालाच हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आता त्या माझ्यासाठी गप्प बसल्या आहेत आणि सभेत त्यांची मान खाली जाणार, हे मला सहन होत नाही.

आणि ताई, ती पट्टी तशी छापू नका. तो मुरांबा सासूबाईंचा नाही. माझ्या आईचा आहे.

माझे वडील दवाखान्यात माळी होते. मागे आम्हाला एक खोली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दोन वाफे, एवढं मिळालेलं. आईकडे घड्याळ नव्हतं. ती पातेलं चुलीवर ठेवायची आणि वडील वाफ्यांना पाणी घालायला लागायचे. दुसऱ्या वाफ्याच्या टोकाला त्यांनी झारी उलटी करून ठेवली की आई पातेलं उतरवायची. तुमचं घर तेव्हा तिसऱ्या मजल्यावर होतं, ताई. तिथे वाफे कुठे होते?

लग्नानंतर मी पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी तुमच्या मामांना वाढला आणि ‘आमच्या घरचा’ म्हणाल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्या घरात माझ्या हातच्या कशालाही पहिल्यांदाच कुणी ‘आमचं’ म्हटलं होतं. मग तेच चालत राहिलं. पुढे कधी सांगावं ते कळेना. सासूबाई गेल्या त्या वर्षी तुम्ही सगळ्यांना जेवायला बोलावून, आईची आठवण म्हणून तो वाढलात. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले.

‘ह्यां’ना यातलं काही माहीत नाही. तुमच्या आईला मी कमी लेखते असं मनात आणू नका. त्यांनी मला खूप दिलं. फक्त त्या बाईंना वाचवा.

रागावलात तरी पत्र टाका.

आपली,
वहिनी


३० मार्च

चि. वहिनीस,

अ. उ. आ. पूर्ण आशीर्वाद, आणि त्यातही तुझ्या नवऱ्याला वाटा नाही.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावरच भडकले. आई खोटं बोलेल? ट्रंक उपसून तिची वही काढली. त्यात साबणाची कृती आहे, खोकल्याच्या काढ्याची आहे, गादीचे डाग काढायची आहे. मुरांबा नाही. मग आपली ती गॅलरी आठवली. पत्र्याचे चार डबे आणि त्यात कोथिंबिरीच्या चार काड्या. त्यांना पाणी घालायला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. तेवढ्यात मुरांबा कसला, साखरही विरघळली नसती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांच्या बोलण्यातल्या थापा आवाजावरून ओळखायचे. ही मात्र तोंडात घालून चाटत बसले आणि कळलं नाही.

आईनं चोरला असं मी म्हणणार नाही. पण तिनं ‘सुनेनं केलाय’ एवढे दोन शब्द म्हणायला हवे होते. ते मी आता म्हणते आहे. उशिरा म्हणते आहे, हे कबूल.

काल सभा झाली. बाई उठायच्या आत मी उठले. सांगितलं की चिठ्ठी माझ्याच घरातून गेली, बाई खरं बोलल्या, खोटं मी बोलले, आणि माफी मागायची ती मीच. बाईंनी हॅट काढली आणि जवळ येऊन माझा हात धरला, तोच, दुखरा. त्यांचे केस माझ्यापेक्षा दाट निघाले, हे एक वेगळंच दुःख. झेंडू त्यांनी फेकला नव्हता. आज सकाळी आम्ही दोघींनी मिळून लावला.

मग सचिव म्हणाले, दुरुस्तीची पट्टी साडेचार इंच लांब आणि अर्धा इंच रुंद होईल, एका ओळीत मावेल असं सांगा. मी सांगितलं, ‘ही कृती माझ्या वहिनीच्या आईची.’ ते म्हणाले, ते ठीक, पण नाव काय लिहू? पेन उघडून बसले होते. मी तोंड उघडलं, आणि वहिनी, मला नाव माहीत नव्हतं.

अडतीस वर्षं तिचं खाते आहे. लग्नात ती ‘मुलीची आई’ होती, नंतर ‘वहिनीची आई’ झाली, आणि एके दिवशी तू दोन साड्या पिशवीत भरून माहेरी गेलीस आणि तेराव्या दिवशी परत आलीस. तेव्हाही मी प्रवास कसा झाला ते विचारलं, नाव विचारलं नाही. सगळ्या मंडळासमोर उभी राहून मला हे कळलं. सिस्टरांनी वर्गात उभं केलं होतं तेव्हाही इतकी शरम वाटली नव्हती.

सचिवांनी छपाई तुझं उत्तर येईपर्यंत थांबवली आहे. तुझ्या आईचं पूर्ण नाव परतीच्या टपालानं कळव. घाईत लिहू नकोस, स्वच्छ अक्षरात लिही, म्हणजे छापताना चूक व्हायला नको. आणि कागदावर जागा उरली तर ती दिसायला कशी होती, हसायची कशी, तेही लिही. ते छापायचं नाही. मला हवं आहे.

मला आता तुझ्याकडूनच लोभ मागायचा आहे.

तुझी नणंद